अकरा नावांचा लॅपटॉप

दान गुप्त असावं, असं शास्त्र सांगतं. ज्याने हे शास्त्र लिहिलं त्याला आयुष्यात कुणी बाक, पंखा किंवा पाण्याची टाकी दिलेली नसावी. दान केल्याने पुण्य मिळतं हे मान्य, पण पुण्य जमा झाल्याची पोच कुठे मिळते? ती पाटीवर मिळते. म्हणून समजूतदार गावं आधी पाटी करतात आणि मग तिला साजेसं दान शोधतात.

या बाबतीत आमचा गाव सिंधुदुर्गात पहिल्या पाचांत असावा. (गावाचं नाव देत नाही. दिलं तर तिन्ही वाड्यांची द्यावी लागतील आणि मग कुठल्या वाडीचं आधी, हा प्रश्न येईल.) कट्टा या बाजारगावाहून सहा किलोमीटर आत आलात की एस.टी.च्या थांब्यावर कै. नारायण दळवी यांच्या स्मरणार्थ दिलेला बाक दिसेल. नाव बरोबर बसायच्या जागी कोरलेलं आहे. कैलासवासी माणसाच्या नावावर बूड टेकवण्याइतके आम्ही बेशरम नाही, त्यामुळे लोक एस.टी.ची वाट उभ्याने बघतात. देवळाच्या मंडपात चार पंखे आहेत आणि पात्यांवर नावं आहेत. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून पंखे बंद ठेवावेत असा ठराव २०११ साली एकमताने झाला. एप्रिलात भजनाला बसलेली माणसं घामाने निथळतात, आणि निथळता निथळता वर बघून देणगीदारांची आठवण काढतात. काय आठवण काढतात ते इथे लिहिण्याचं कारण नाही.

मी या गावच्या वाचनालयाचा मानद चिटणीस. बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो, लोक घाडी गुरुजी म्हणतात. हा वृत्तांत मी चिटणीस या नात्याने लिहीत आहे. त्यात कुठे भावना आढळल्यास ती टंकलेखनातली चूक समजावी.

आमच्या गावातून मुंबईला गेलेल्यांचं तिथे एक मंडळ आहे. गावात एखादी गोष्ट व्हायची असेल तर ती मुंबईत ठरते आणि शिमग्याला, मे महिन्यात किंवा गणपतीत गावात होते. मधल्या काळात गाव विश्रांती घेतो. गेल्या शिमग्याला या मंडळाने वाचनालयाला एक लॅपटॉप भेट दिला. गावातला हा पहिला आणि आजवरचा एकमेव लॅपटॉप. (मोबाइल ३१४ आहेत, पण मोबाइलवर पाटी बसत नाही.)

लॅपटॉप विकत घ्यायला मंडळाला एक दिवस लागला. पाटीला सात बैठका लागल्या. अकरा घराण्यांनी आपापल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ वर्गणी काढली होती आणि नावं कुठल्या क्रमाने यावीत हा पेच होता. वर्गणीच्या क्रमाने लावली तर ज्येष्ठांचा अपमान, वयाच्या क्रमाने लावली तर मानाचा अपमान. शेवटी जत्रेत ज्या क्रमाने घराण्यांना मानाचा नारळ मिळतो तोच क्रम घेतला. पितळेची पाटी, ठसठशीत अक्षरं. तिच्यावरची नावं अशी: कै. विश्राम बाबाजी परब, कै. आत्माराम गोविंद सावंत, कै. सीताराम पुंडलिक धुरी, कै. लक्ष्मण राघोबा गावडे, कै. दाजी तुकाराम पालव, कै. गंगाबाई नारायण सामंत (एकमेव स्त्री, त्यामुळे नवऱ्याचं नाव जरा मोठ्या अक्षरात), कै. रामचंद्र भिवा घाडी, कै. यशवंत सखाराम कदम, कै. जयराम अर्जुन चव्हाण, कै. पांडुरंग केशव देसाई आणि कै. वासुदेव बाळा आंगणे. यातले सातवे माझे आजोबा. त्यांनी हयातीत टॉर्चसुद्धा हाताळली नव्हती, तरी त्यांचं नाव लॅपटॉपवर आलं याचा मला आनंद झाला. (टंकलेखनातली चूक.)

पाटी मुंबईत कोरून झाल्यावर लॅपटॉपचं माप घेण्यात आलं. झाकणावर लावून पाहिली, तर तिच्या वजनाने झाकण मागे कलंडायला लागलं. शिवाय झाकणावर कंपनीने आधीच आपलं नाव टाकून ठेवलं होतं, वर्गणी न देता. मग आमच्या बाबू मेस्त्रीने, जो गावचा सुतार आहे, लॅपटॉप उलटा केला आणि तळाला पाटी लावून दाखवली. जणू मापानेच केलेली! मशीनचे मूळचे सहा स्क्रू काढून त्याच भोकांत त्याने लांब स्क्रू पिळले. तळाला मध्यभागी काही फटी होत्या, त्या पाटीखाली झाकल्या गेल्या आणि मशीनला एक प्रकारचा नीटसपणा आला. तेव्हापासून लॅपटॉप काचेच्या कपाटात उलटा ठेवला जातो, म्हणजे नावं वर येतात.

लॅपटॉप सुलटा करून वापरावा अशी कल्पना प्रथम शर्मिष्ठाच्या डोक्यात आली. शर्मिष्ठा आमची ग्रंथपाल. वय अठ्ठावीस, कामाला चोख, स्वभावाने उतावीळ. गावातल्या भक्ती नावाच्या मुलीला एका शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायची होती. दहावीला ती तालुक्यात तिसरी आली होती आणि आता बारावी सायन्सची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होती. परीक्षा घरबसल्या, पण लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची. तारीख, एप्रिलचा शेवटचा रविवार, सकाळी अकरा. साठ मिनिटांत साठ प्रश्न. छत्तीस बरोबर आले की पुण्यात चार वर्षं इंजिनिअरिंग, राहण्याजेवणासकट. नाही आले तर काही नाही. वर्षातून एकदाच असते आणि बारावीच्याच वर्षी देता येते.

भक्तीचा बाप भिकाजी. थोडी भातशेती, चाळीसेक काजूची झाडं. जत्रेआधी देवळाच्या सदुसष्ट पायऱ्या तो एकटा घासून काढतो, गेली एकवीस वर्षं. हे श्रमदान असल्यामुळे त्याची पाटी करण्याची पद्धत नाही.

भक्तीने लॅपटॉप सुरू केला आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर उघडायला सांगितलं. ते चौदा मिनिटांनी उघडलं. शर्मिष्ठाने कुठलीशी खिडकी उघडून मशीनचा वेग पाहिला. खोक्यावर लिहिलं होतं चार पूर्णांक दोन गिगाहर्ट्‌झ, आणि इथे दिसत होतं शून्य पूर्णांक एकोणचाळीस. गिगाहर्ट्‌झ म्हणजे काय हे वाचनालयाच्या समितीत कुणाला ठाऊक नव्हतं. पण दहातले नऊ भाग वेग कुठेतरी गहाळ झाला आहे, एवढं मी गणिताचा माणूस म्हणून सांगू शकलो. चौकशीसाठी तातडीने, म्हणजे आठ दिवसांनी, बैठक बोलावण्यात आली.

बैठकीला शर्मिष्ठाने तोंड उघडलं ते थेट कारण सांगायलाच. याला मी उतावीळपणा म्हणतो. कारण पहिल्याच बैठकीत सापडलं तर बाकीच्या बैठकांनी काय करायचं?

"पाटीखाली हवेच्या फटी बुजल्यात," ती म्हणाली. "आतल्या पंख्याला हवा मिळत नाही. मशीन तापतं, आणि जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतं."

मंडळाच्या गावातल्या शाखेचे आणि आमच्या समितीचे अध्यक्ष गुरुदास परब, ज्यांना सगळे भाई म्हणतात, विचारात पडले. पाटीवरचे पहिले ते त्यांचे आजोबा. "म्हणजे मशीन शहाणा आसा," ते म्हणाले.

"होय. मशीन आसा," शर्मिष्ठा म्हणाली.

भाईंनी ते प्रशंसा म्हणून घेतलं. मग म्हणाले, "पण पाटी काढूची म्हणजे माझ्या आज्याक काढूचो. ता मुंबयक विचारल्याशिवाय जमाचा नाय. मंडळी मे महिन्यात येतली, तेव्हा बघूया."

परीक्षा मे महिन्याच्या आधी आठवडाभर होती. ही अडचण शर्मिष्ठाने मांडली आणि समितीने ती सहानुभूतीपूर्वक नोंदवून घेतली. दरम्यान, पाटी न काढता करण्याजोगे सर्व उपाय करावेत असं ठरलं. पुढल्या अठरा दिवसांत ते करण्यात आले आणि एकाही उपायात समितीने कसूर केली नाही, हे मला अभिमानाने नमूद करावंसं वाटतं.

प्रथम मशीन बंद करून चालू करण्यात आलं. फरक पडला नाही. पुन्हा करण्यात आलं, या खेपेस अध्यक्षांच्या हस्ते. त्यानंतर मशीनच्या आतच 'सर्वोत्तम कामगिरी' असा एक पर्याय सापडला. तो निवडल्यावर मशीनने आपण सर्वोत्तम कामगिरी करत असल्याचं मान्य केलं आणि काम पूर्वीच्याच वेगाने चालू ठेवलं. नोकरीत अशी माणसं मी पुष्कळ पाहिल्यामुळे मला नवल वाटलं नाही. मग व्होल्टेजचा संशय आला, म्हणून मशीन वरच्या वाडीत नेऊन तिथल्या प्लगला लावलं. तिथेही तेच. मात्र ते खालच्या वाडीत का आणलं नाही, म्हणून खालच्या वाडीने लेखी निषेध दिला. मग तिकडे नेलं. कट्ट्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या सिद्धेशला दाखवलं. त्याने मशीन उलटं केलं, पाटी वाचली आणि म्हणाला, "ह्या काढा." त्याचं वय लहान असल्यामुळे त्याचं मत ग्राह्य धरलं नाही. देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "ह्या यंत्राक जो काय अटकाव झालो आसात तो दूर कर रे म्हाराजा," असं गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकरी गावकरांनी म्हटल्यावर आम्ही सर्वांनी "होय म्हाराजा" म्हटलं, सर्वांत मोठ्याने भाईंनी. देवाने अटकाव दूर केला नाही. त्याला बहुधा स्क्रूड्रायव्हर हवा होता.

एक उपाय मात्र थोडाफार लागू पडला. मालवणच्या मासळी बाजारातून थर्माकोलच्या पेटीत बर्फ आणला आणि लॅपटॉप त्यावर ठेवला. पाटी धातूची, त्यामुळे गारवा आधी पूर्वजांना मिळाला आणि त्यांच्याकडून मशीनकडे आला. वेग बारा मिनिटं एक पूर्णांक एकपर्यंत चढला. मग पुन्हा उतरला. मशीनला बांगड्याचा वास अजून येतो.

यानंतर बाबू मेस्त्रीने सुचवलेला उपाय आमच्या गावच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखा आहे.

"पाटयेक भोका पाडतंय," तो म्हणाला. "बारीक बारीक. वारो आत जायत, पाटी पण रवात."

सगळ्यांना पटलं. पाटीही राहील आणि वाराही जाईल, याहून शहाणपण ते कोणतं?

"भोका खंय पाडतलस?" भाईंनी विचारलं.

"फटी आसत थंय. पाच, सहा नि सात नंबरात."

पालव उठून गेले. सामंतांच्या सुनेने मुंबईहून फोन करून, हयातीत सासूचं कमी ऐकलं म्हणून आता तिच्या नावाची चाळण करायची का, असं विचारलं आणि फोनवरच रडली. सातव्या क्रमांकातर्फे मी उभा राहिलो आणि म्हणालो की तत्त्वतः माझा विरोध नाही, पण भोकं सर्व अकरा नावांत समान पडावीत. हे गणितीदृष्ट्या न्याय्य होतं. मात्र उरलेल्या आठ नावांखाली फटी नव्हत्या, आणि गरज नसताना आपल्या आजोबाला भोक पाडून घ्यायला कुणी तयार होईना. विषय मे महिन्यावर ढकलण्यात आला.

आतापर्यंतचा आढावा असा. बैठका चार. चहा एकशे शहाण्णव कप. मशीन उचलून नेल्याच्या खेपा नऊ. पाटी काढायला लागणारा वेळ, बाबू मेस्त्रीच्या अंदाजाने, चार मिनिटं.

रविवारी सकाळी दहा वाजता मी वाचनालयात पोचलो तेव्हा पाटी टेबलावर होती. शर्मिष्ठाने कुणाला न विचारता ती काढली होती. मशीनच्या तळाच्या फटी उघड्या पडल्या होत्या आणि आतला पंखा घुंऽऽ असा आवाज करत होता, जो मी महिनाभरात प्रथमच ऐकला. वेगाचा आकडा होता तीन पूर्णांक नऊ. परीक्षेचं सॉफ्टवेअर भक्तीने माझ्यासमोर उघडून दाखवलं. अकरा सेकंद. ती हसली. सरावाचे प्रश्न ती एकामागोमाग एक सोडवत सुटली, आणि मी मागे उभा राहून पाहत होतो. एकही चुकला नाही. बत्तीस वर्षांत इतकं सरळ चालणारं डोकं माझ्या वर्गात दोनदाच आलं असेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ही टंकलेखनातली चूक नाही.

पावणेअकराच्या आधी भाई आले. मुंबईच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता, लॅपटॉपचा पहिला लोकोपयोगी वापर.

"पाटी खंय?" ते म्हणाले.

"टेबलार आसा," शर्मिष्ठा म्हणाली. "भाईनू, परीक्षा अकराक. पाटी लावलास तर मशीन झोपतला."

"गो, मी खंय नाय म्हणतंय? एक फोटो काढूया पाटयेसकट. मगे काढा, माझी ना नाय. ग्रुपार सगळे वाट बघतत."

भक्ती खुर्चीतून उठली. भाईंकडे न बघता तिने माझ्याकडे बघितलं. "गुरुजी, परीक्षा होयसर रवांदे ना ती बाजूक. मगे मी सोता लावन देतंय."

मी पाटी लावली. सहा स्क्रू, चार मिनिटं. बाबू मेस्त्रीचा अंदाज अचूक होता. भाईंनी लॅपटॉप उलटा धरला, भक्तीला शेजारी उभं केलं, फोटो काढला आणि ते मोटरसायकलवरून कट्ट्याला गेले. घड्याळात दहा पन्नास झाले होते. भाईंची ना नव्हती. मुंबईची हरकत यायला वेळ होता. देवाला तर आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं.

"गुरुजी, स्क्रूड्रायव्हर द्या," शर्मिष्ठा म्हणाली.

तो माझ्या सदऱ्याच्या खिशात होता.

इथे वाचकाला माझ्याविषयी गैरसमज होण्याचा संभव आहे, म्हणून माझी विचारसरणी क्रमाने मांडतो. पाटीशिवाय परीक्षा झाली, मुलगी पास झाली, म्हणजे पाटीशिवाय मशीन चालतं हे सिद्ध झालं. सिद्ध झालेली गोष्ट मे महिन्यात मंडळासमोर येणार. शर्मिष्ठा ती आणणारच. मग पाटी कपाटात जाणार, नाहीतर माळ्यावर. आणि माझ्या आजोबांचं नाव साऱ्या गावात याच एका जागी आहे. बाकावर नाही, पंख्यावर नाही. आमच्या घराण्याला कधी काही देणं जमलं नाही, हे प्रथमच जमलं होतं. चार पायऱ्यांचं सोपं गणित आहे. मी ते उभ्या उभ्या केलं.

"खंय ठेवलंय ता आठवणा नाय," मी म्हणालो.

शर्मिष्ठाने कात्रीने प्रयत्न केला. बाबू मेस्त्रीचे स्क्रू कात्रीला दाद देत नाहीत. दहा अठ्ठावन्नला तिने शेजारच्या घरच्या फ्रीजमधला होता तेवढा बर्फ थर्माकोलच्या पेटीत घालून मशीन त्यावर ठेवलं आणि आम्ही दोघं नियमाप्रमाणे बाहेर आलो. भिकाजी पायरीवर बसला होता. त्याने विचारलं, "सगळा बरा आसा मां?" मी मान हलवली.

पहिल्या बारा मिनिटांत भक्तीने सतरा प्रश्न सोडवले. मग बर्फ वितळला. उरलेल्या अठ्ठेचाळीस मिनिटांत मशीनने तिला आणखी चार प्रश्न दाखवले. एकूण एकवीस. एकवीसच्या एकवीस बरोबर. खिडकीतून दिसत होतं त्याप्रमाणे, शेवटची सात मिनिटं ती हात मांडीवर ठेवून नुसती गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत होती.

समितीचा चौकशी अहवाल मी लिहिला. अपयशाचं कारण 'उमेदवाराकडून वेळेच्या नियोजनात राहिलेली त्रुटी' असं नमूद केलं आहे. मात्र सोडवलेल्यांपैकी शंभर टक्के उत्तरं बरोबर, ही गावाला भूषणावह बाब असल्यामुळे मे महिन्यात मंडळातर्फे तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मंडळी टाळ्या वाजवत होती तेव्हा भिकाजी हळूच पुढे आला. "म्हणजे पास झाला मां चेडू?" त्याने लेकीबद्दल भाईंना विचारलं. भाईंनी माईक माझ्याकडे दिला. मी आभार मानले.

त्याच सभेत पाटीचा विषय कायमचा निकालात निघाला. पाटी आहे तिथेच राहील. मशीन गार ठेवण्यासाठी मंडळ वाचनालयाला एक पंखा देणार आहे. पात्यावर कुणाचं नाव घालायचं यावर मुंबईत बैठका सुरू आहेत. शर्मिष्ठाने राजीनामा दिला, तो मी सखेद मंजूर केला. भक्ती फोंडाघाटला एका दुकानात बिलं करते. मागे एकदा कोल्हापूरला जाताना मी तिथे उतरलो होतो. दुकानातला संगणक जुना, धुळीने भरलेला, पण चालतो झकास. त्याच्यावर कुणाचं नाव नाही. मला पाहून ती उठून उभी राहिली, "गुरुजी, बसा" म्हणाली आणि खुर्ची दिली. मी बसलो नाही. स्क्रूड्रायव्हर अजून माझ्याकडेच आहे.

इथपर्यंत वाचून तुम्ही मला मनातल्या मनात काय म्हणालात ते मला कळतं आणि ते बरोबर आहे. पण एक गोष्ट विचारतो. वर पाटीवरची अकरा नावं मी दिली, तेव्हा तुम्ही काय केलंत? आपलं आडनाव त्यात आहे का, ते बघितलंत. असलं तर कितवं, ते मोजलंत. नसलं तर जरासे हिरमुसलात. लाजू नका, सगळेच बघतात. फक्त आता पुन्हा वर जा आणि भक्तीचं आडनाव शोधा. मी ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि ते नाही हे मी सांगेपर्यंत तुमच्याही लक्षात आलं नव्हतं.